मुजोर: घोड्याच्या तोंडातून आलेला शब्द

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही पेपरची जिल्हा पुरवणी चाळा, 'मुजोरी' हा शब्द फार दिवस दडून राहत नाही. रिक्षावाल्यांची मुजोरी, वाळू उपसणाऱ्यांची मुजोरी, टोलनाक्यावरची मुजोरी, ठेकेदाराची मुजोरी. तीन अक्षरांत बातमीचा निकाल लागलेला असतो. कोण बरोबर, कोण चूक हे पुढं वाचायची गरज उरत नाही. एवढं काम करणारा शब्द नेमका म्हणतो काय आणि आला कुठून, हे एकदा उलगडून बघायला हरकत नाही.

आधी अर्थ. मुजोर म्हणजे नुसता गर्विष्ठ नव्हे. गर्विष्ठ माणूस घरात एकटा बसूनही गर्विष्ठ असतो. मुजोरीला समोर दुसरं कोणी लागतं, आणि त्या दुसऱ्यानं काहीतरी सांगितलेलं लागतं. बाजूला हो, पावती दाखव, काम थांबव. ते सांगायचा त्याला हक्क आहे, निदान त्याला तसं वाटतं. मुजोर माणूस ते ऐकत तर नाहीच, वर अंगावर येतो. हट्टी माणूसही ऐकत नाही, पण तो गप्प राहून हट्ट चालवू शकतो. उद्धट माणूस वेडंवाकडं बोलतो, पण बोलून झाल्यावर सांगितलेलं काम कदाचित करतोही. 'करतो की, किती वेळा सांगशील' असं खेकसत पोरगं उठलं तर ते उद्धट. 'न्हाय करत, काय करायचं ते कर' म्हणून तिथंच बसून राहिलं तर ते मुजोर. 'काय करायचं ते कर' हे मुजोरीचं ब्रीदवाक्यच म्हणायला पाहिजे.

मग्रूर हा शब्द याच्या शेजारी नेहमी दिसतो, पण त्याचं कूळ वेगळं. अरबीत 'मगरूर' म्हणजे मुळात फसलेला, भुललेला. स्वतःबद्दलच्या भ्रमात जो फसला तो मगरूर. शब्दात जरा करुणाही आहे, पण मराठीत येईपर्यंत ती वाटेत सांडली.

आता मुजोर. हा जोडशब्द आहे: 'मुँह' आणि 'जोर'. मुँह हिंदीतलं, संस्कृत 'मुख'पासून झिजत आलेलं, जोर फारसीतला. आपण रोजच्या बोलण्यात मुँह म्हणत नाही, तोंड म्हणतो, त्यामुळं शब्द इथं जुळला नाही, जुळलेलाच आला, हे उघड आहे. वाटेत अनुनासिक गेला, 'ह' गेला आणि 'मुँहजोर'चा 'मुजोर' झाला. मूळ अर्थ तोंडात जोर असलेला. आता कोणालाही वाटेल की तोंडात जोर म्हणजे तोंडाळ, मोठ्या आवाजात भांडणारा. आज तो अर्थ त्यात मिसळलाही आहे. पण उत्तरेत हा शब्द आधी घोड्याला लावत. मुँहजोर घोडा म्हणजे लगामाला दाद न देणारा घोडा.

याचा अर्थ कळायला घोड्याच्या तोंडात जरा डोकवावं लागतं. लगामाचा जो लोखंडी दांडा तोंडात जातो त्याला कडियाळं म्हणतात. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि मागच्या दाढांच्या मधे, खालच्या जबड्यावर, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. तिथं दात नसतात, नुसती हिरडी असते, आणि तिच्याखाली लगेच हाड. कडियाळं नेमकं त्या जागेवर टेकतं. स्वारानं लगाम ओढला की लोखंड हिरडीवर आणि जिभेवर दाबलं जातं. पाच-सहा माणसांच्या वजनाचं जनावर एका माणसाच्या मनगटावर वळतं ते यामुळं. घोड्याला ताकदीनं अडवता येत नाहीच, त्याच्या तोंडातल्या नाजूक जागेवर बोट ठेवून अडवावं लागतं.

काही घोडी मात्र अडत नाहीत. लगाम कितीही ओढा, ती मान ताठ करतात, कडियाळं दाढांत धरतात आणि सुसाट जातात. तो मुजोर घोडा. आणि इथं घोडेवाल्यांचं एक म्हणणं आहे, जे शब्दकोशात सापडत नाही पण ज्यानं घोडं पाळलंय तो सांगतो. शिंगरू मुजोर जन्माला येत नाही, त्याचं तोंड मऊच असतं. ते स्वाराच्या हातानं कठीण होतं. सतत हिसके दिले, कारण नसताना लगाम ताणून धरला, की ती जागा दुखावते, निबर होते, घोडं दुखण्याला सरावतं. मग हळू ओढून भागत नाही म्हणून स्वार जोरानं ओढतो, आणि तोंड आणखी निबर होतं. अनुभवी माणूस मुजोर घोडा बघितला की आधी विचारतो, याच्यावर कोण बसत होतं?

माणसाला मुजोर म्हणताना हा प्रश्न कुठंतरी गळून पडला. शब्द आला, पण घोडेवाल्याची ही चौकशी आली नाही. मला विचाराल तर शब्दाच्या प्रवासात जे हरवलं त्यात हे सगळ्यात महागाचं.

घोड्याचे शब्द मराठीत शिरले यात नवल नाही. ज्या राज्याचा कारभार सातारच्या गादीच्या नावानं चालायचा त्याची फौज घोड्यावर उभी होती. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. दोन-तीन पिढ्या घरातला कर्ता माणूस वर्षाचे आठ महिने खोगिरावर असेल तर घरची भाषा कोरडी कशी राहील? आजही आपण तोंडाचा तोबरा भरतो, म्हणजे घोड्याच्या चंदीची पिशवी तोंडाला लावतो. कार्यालयात खोगीरभरती होते, खर्चाला लगाम लागत नाही, पोरगं बेलगाम वागतं. मुजोरचा सख्खा भाऊ शिरजोर, तोही याच घरातला. 'चोर तो चोर, वर शिरजोर' ही म्हण आपण इतक्या सहज टाकतो की त्यातलं डोकं आणि त्यातला जोर वेगळे दिसतच नाहीत. जोर मात्र आपल्याकडं तालमीतही गेला. सातारा-सांगलीतल्या पोरानं हौद्यात उतरून काढले ते जोरच, आणि त्या जोरांना कोणी मुजोरी म्हटलं नाही.

घोडा हे तसं मोजक्या घरांतलं जनावर. गावाचं जनावर बैल आणि म्हैस, आणि न ऐकणाऱ्यासाठीचे आपले बाकीचे शब्द बघितले तर ते बहुतेक गोठ्यातून निघालेले दिसतात. 'उद्दाम' घ्या. ऐकायला पुस्तकी वाटतो, भाषणात शोभतो. संस्कृतात 'दामन्' म्हणजे दोरी. कृष्णाच्या पोटाला यशोदेनं दोरी बांधली म्हणून तो दामोदर. त्याच दामनचं मराठीत दावं झालं, दावण झाली. ज्याचं दावं सुटलंय तो उद्दाम. (दामदुप्पट मधला दाम वेगळा. तो ग्रीक द्राख्म या नाण्यावरून आला. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये हा दामदुप्पटचा जुना नियम, आणि सावकारांना दाव्यानं नव्हे पण दामानं बांधायला आपल्याकडं त्याचा उपयोग झाला, कधी झाला नाही.) साखळी सुटलेला तो उच्छृंखल, अंकुश नसलेला हत्ती निरंकुश. दुसऱ्याच्या पिकात शिरायची खोड असलेलं जनावर ओढाळ. त्याच्या गळ्यात, पळता येऊ नये म्हणून, लाकडाचा ओंडका अडकवतात ते लोढणं. नाकातून जाते ती वेसण. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार खोंडांच्या रांगेतून चालत जा, मराठीतल्या अर्ध्या राजकीय अग्रलेखाचा शब्दसाठा तिथं खुंट्याला बांधलेला दिसेल.

'माज' हा यातला सगळ्यात जिवंत शब्द. संस्कृत 'माद्यति', म्हणजे मदानं धुंद होतो, प्राकृतात 'मज्जइ', मराठीत माजणं. फारसीतून आलेला 'मस्त' हा त्याचा लांबचा चुलतभाऊ, कारण संस्कृत आणि फारसी दोन्ही एकाच जुन्या कुळातल्या आणि दोघींनी तोच धातू सांभाळला. म्हणून माज, मद, उन्मत्त, मस्ती, मस्तवाल हे सगळे फिरून एकाच ठिकाणी येतात. माणसाला लावला की शिवी होते. पण दूधवाल्याला विचारा, माज म्हणजे त्याच्या घरचा आनंद. गाय-म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते, आणि तो माज वेळेत ओळखला नाही तर रेतनाची संधी हुकते, पुढचे तीन आठवडे बिनकामाचा चारा. म्हशीत तर बऱ्याचदा बाहेर काहीच लक्षण दिसत नाही, ना ओरडणं ना चंचलपणा. त्याला पशुवैद्य 'मुका माज' म्हणतात. माणसांतही मुका माज असतो असं मला वाटतं, आणि बँकांच्या, कचेऱ्यांच्या काउंटरमागं तो बघायला मिळतो, पण तो विषय इथं नको.

माज आला की जिरवायचा. हा 'जिरवणे' आमच्या भागाचा लाडका. जिरणं म्हणजे पचणं, मुरणं, संपणं. 'लय रग हाय व्हय अंगात? जिरवतो तुझी.' काय जिरवणार हे बोलत नाहीत, समजून घ्यायचं असतं. माण-खटावमधे पावसाचं पाणी जिरवायला लोकांना वर्षानुवर्षं खपावं लागलं, एकमेकांची जिरवायला मात्र कधी मोहीम लागली नाही.

एवढी जनावरं एका रांगेत उभी केली की एक गोष्ट डोळ्यात भरते. उद्दाम, मुजोर, बेलगाम, निरंकुश, ओढाळ, माजलेला. यातला एकही शब्द जनावराच्या बाजूनं बोलत नाही. सगळे शब्द दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याचे आहेत. घोड्याला विचारलं असतं तर तो स्वतःला मुजोर म्हणाला नसता, म्हणाला असता तोंड दुखतंय. म्हणून मुजोर हा शब्द कुठं वाचला तर त्या माणसाच्या स्वभावाबद्दल त्यात जेवढी माहिती असते, तेवढीच बोलणाऱ्याबद्दल असते: बोलणारा स्वतःला खोगिरावर बसलेला समजतो.

गावात हे रोज दिसतं. एखाद्यानं नवी मोटरसायकल घेतली, चावडीसमोरून जाताना वेग कमी केला नाही, की पारावरचा कोणीतरी म्हणतो, 'लय माजलंय.' ज्याच्या बापानं तिथून जाताना चपला हातात घेतल्या असतील त्याचा मुलगा गाडीवरून गेला, एवढाच तो माज. जातीवरून झालेल्या भांडणांत हा शब्द आधी येतो आणि काठ्या मागून. घरात सुनेबद्दल बोलतानाही तेच. ती 'तोंड वर करून बोलते', 'तोंडाला तोंड देते', 'उलट बोलते'. सासूलाही तोंड आहेच, पण तिच्यासाठी शब्द वेगळे निघतात. सुनेला मात्र तोंड आवर, तोंड सांभाळ, तोंडाला कुलूप लाव. बाईच्या आणि घोड्याच्या बाबतीत आपल्या भाषेचं सगळं लक्ष तोंडावरच राहिलं आहे.

आता जरा इतिहासाकडं, कारण या शब्दांचा खरा कस सातारा जिल्ह्यात लागला. १८३९ मधे इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि अर्ज-विनंत्या करत तिथं बरीच वर्षं राहिले. तिकडं कोणी दाद दिली नाही, इकडं १८४८ मधे राज्यच खालसा झालं. रंगो बापूजी परत आले, आणि १८५७ मधे साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव झाली ती त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यात रंगो बापूजींचा मुलगाही होता. ते स्वतः निसटले आणि पुन्हा सापडले नाहीत. सरकारी भाषेत हे बंड. सावरकरांनी पुढं त्याच घटनांना स्वातंत्र्यसमर म्हटलं. सनदशीर अर्ज करून थकलेल्या माणसाला बंडखोर म्हणताना, आधी त्याचा लगाम किती वर्षं ओढला जात होता हे कोणी मोजलं नाही. (बंडखोरातला 'खोर' म्हणजे खाणारा, लाचखोरातला तोच. हल्ली निवडणुकीचं तिकीट मिळालं नाही की माणूस बंड खायला बसतो आणि अर्ज माघारीच्या दिवशी पचवतो.)

दुसरा प्रसंग १९४२ आणि त्यानंतरचा. तेव्हा आजचा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. दक्षिण सातारा म्हणून तो १९४९ मधे निघाला आणि सांगली हे नाव १९६० मधे मिळालं. 'चले जाव'नंतर इथं कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली कुंडल, वाळवा, कराड या पट्ट्यात प्रति सरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. त्यांची न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, कमी खर्चाची गांधी लग्नं लागत होती. इंग्रज सरकारच्या लेखी हे सगळे दरोडेखोर.

आणि लोकांच्या तोंडी या सरकारचं नाव होतं पत्री सरकार. 'प्रति'चं बोलताना 'पत्री' झालं, असं एक सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पण गावाला त्यात दुसरंच ऐकू येत होतं. बैलाच्या खुराला लोखंडी पत्र्या ठोकतात. त्यासाठी बैल आडवा पाडतात, पाय एकत्र करकचून बांधतात आणि तळव्यांवर काम सुरू होतं. प्रति सरकार गुंडांना, पोलिसांच्या खबऱ्यांना, बायकांवर हात टाकणाऱ्यांना, नाडणाऱ्या सावकारांना जी शिक्षा द्यायचं तिची तऱ्हा हीच. पाडायचं, पाय बांधायचे, तळपायावर काठीनं मारायचं. त्याला पत्र्या मारणं म्हणत. खरोखर खिळे ठोकल्याच्या गोष्टीही पंचक्रोशीत फिरत राहिल्या, आणि त्या फिरण्यामुळंच निम्मं काम होत असणार.

भाषेच्या बाजूनं बघितलं तर तिथं मोठी उलथापालथ झाली. दोरीचं टोक आजवर ज्यांच्या हातात होतं, ज्यांनी कुळाला माजलेला, मजुराला मुजोर म्हटलं, त्यांनाच गावानं बैलाच्या जागी आडवं केलं. नवा शब्द शोधायला कोणी बसलं नाही. गोठ्यातलाच शब्द उचलला आणि उलट्या दिशेनं फेकला. त्यात क्रौर्य होतं हेही खरं. काही निवाडे चुकीचे झाले असतील, काहींनी जुने हिशेब चुकते केले असतील. तळपाय फुटलेल्याला व्युत्पत्ती सांगून उपयोग नाही. पण मुजोर कोणाला म्हणायचं हे ठरवायचा हक्क साताऱ्यात तेव्हा हलला, आणि तो मग पूर्वीच्या जागी परत गेला नाही.

आजच्या मथळ्यांत त्याचा परिणाम दिसतो. 'मुजोर मजूर' असं आता कोणी छापत नाही. 'मुजोर प्रशासन', 'मुजोर कारखानदार', 'मुजोर अधिकारी' असं छापतात. उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेला शेतकरी कारखान्याच्या अध्यक्षाला मुजोर म्हणतो तेव्हा तो नकळत एक दावा करत असतो: लगाम माझ्या हातात आहे, सभासद मी आहे, तू माझं ऐकायला पाहिजेस. लोकशाहीची ही व्याख्या शाळेतल्या नागरिकशास्त्रापेक्षा बरी. अडचण एवढीच की अध्यक्षांनाही तसंच वाटत असतं, आणि ते आंदोलकांना मुजोर म्हणतात. दोघंही खोगिरावर, घोडा कुठंच नाही.

कायद्याला मात्र मुजोरी ओळखू येत नाही. कचेरीत कोणी आवाज चढवला की लगेच '३५३ लावतो' अशी धमकी मिळते. भारतीय दंड संहितेतलं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे, तोंडावर मात्र जुनाच आकडा बसलेला आहे. पण ते कलम वाचलं तर त्याला लोकसेवकावर हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर लागतो, तोही त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी. नुसतं तोंड वर करून 'लेखी द्या' म्हणणं त्यात बसत नाही. पेपरातल्या 'मुसक्या आवळल्या' या लाडक्या वाक्यातही गल्लत होते. तोंडाला बांधतात ते मुसकं, बैलानं पीक खाऊ नये म्हणून. मुसक्या बांधणं म्हणजे हात पाठीमागं बांधणं. पोलीस आवळतात त्या मुसक्या, बाकीच्यांना बहुधा मुसकं हवं असतं.

राहिला एक शब्द, ज्यात जनावर नाही. अरेरावी. त्याची फोड अरे आणि राव अशी दिसते. ज्याला राव म्हणायचं त्याला अरे म्हणणं. म्हणजे इथं दोरी नाही, दावं नाही, नुसतं व्याकरण आहे. कोणाला अहो, कोणाला अरे, कोणाला एकेरी, कोणाला अनेकवचन, यात मराठी समाजाची सगळी उतरंड बसलेली आहे, आणि ती एका अक्षरानं हलवता येते. कचेरीत साठीच्या शेतकऱ्याला पंचविशीचा कारकून 'ए, तिकडं थांब' म्हणतो ती अरेरावी. त्यावर म्हाताऱ्यानं 'का रं, मी काय तुझ्या घरी आलोय व्हय?' असं विचारलं तर ते अरेला कारे. हा वाक्प्रचार मला या सगळ्यांत निर्मळ वाटतो. मुजोर, उद्दाम, माजलेला हे शब्द दुसऱ्यानं आपल्याला लावायचे असतात. अरेला कारे आपण स्वतः करतो आणि पारावर बसून अभिमानानं सांगतोही. त्यात निम्मं उत्तर असतं आणि निम्मा प्रश्न, कारण 'का' हा शेवटी प्रश्नच आहे.

आमच्या बोलीत याची एक गंमत आहे. इथं अरे हा अपमान असेलच असं नाही. दोस्ताला 'काय रं', मामाला 'आरं मामा', देवालाही 'आरं देवा'. त्यामुळं पुण्या-मुंबईकडून बदलून आलेल्या साहेबाला पहिले काही महिने सगळा तालुकाच अरेराव वाटतो. मग तो सरावतो, किंवा परत बदली मागतो.

तक्रारअर्जात मात्र 'अरेरावीची भाषा वापरली' हे वाक्य दोन्ही बाजू सारख्याच हातानं लिहितात. कर्मचारी नागरिकाविरुद्ध लिहितो तेव्हा हेच, नागरिक कर्मचाऱ्याविरुद्ध लिहितो तेव्हाही हेच. मग पहिला अरे कोणाचा आणि नंतरचा कारे कोणाचा, हे ठरवायला साक्षीदार बोलावतात. साक्षीदार म्हणतो, मी आलो तेव्हा दोघंबी वरडत होते.